कोमट पाण्याचा माग

१. गेलं काय?

आत्या बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा घरात चोरी झालेली होती, आणि चोरीला गेलेला माल होता गरम पाणी.

दार थोरल्या भाच्यानं उघडलं. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर साबणाचा फेस.

"ये आत्या. नळ कधीचा सोडून ठेवलाय, पण पाणी कोमटच्या पुढे जायला तयार नाही. या थंडीत दाढी करायची की गालाची सालं काढायची, तूच सांग."

"आधी तोंड पूस," आत्या म्हणाली. "मग सांग, गेलं काय नेमकं?"

हा प्रश्न तिनं आयुष्यभर विचारला होता. विमा कंपनीत ती नुकसान पाहायच्या कामावर होती. कुणाचं गोदाम जळलं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की आत्या जायची, भिंतींना हात लावून बघायची आणि माणसांना बोलतं करायची. निवृत्त झाली तरी सवय काही सुटली नव्हती. चहात साखर कमी पडली तरी ती आधी डबा बघे, मग करणाऱ्याचं तोंड.

घर तिच्या भावाचं. खाली थोरला मुलगा आणि त्याची बायको थोरली, वर धाकटा आणि त्याची धाकटी. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. मागच्या अंगाला भाऊची खोली आणि त्याची छोटी न्हाणी. पूर्वी माळ्यावर गरम पाण्याची एकच टाकी होती. सकाळी ती पुरायची नाही, म्हणून या हिवाळ्याच्या तोंडावर दोन्ही भावांनी मिळून शेजारी दुसरी टाकी बसवली. मिस्त्रीनं दोन्ही टाक्यांमधून निघणाऱ्या नळ्या एकत्र आणून त्याच एका नळीवर सगळं घर जोडलं. सुरुवातीला नुसती चैन होती. मग पाणी कोमट यायला लागलं, आणि त्यापाठोपाठ घरातली माणसं तापायला लागली.

"दोन टाक्या असून पाणी नाही म्हणजे कुणीतरी उपसतंय," थोरली पोळपाट आपटल्यासारखा चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "आता रविवारी मिस्त्री येतोय. जोड तोडायचा. एक टाकी वरची, एक खालची. ज्याचं त्यानं बघावं."

"आणि मग?"

"मग काय. वर एक स्वयंपाकाचा ओटाही करून घेतील."

भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. दोन्ही तळव्यांत कप धरून, जसं लहान मूल धरतं तसा, तो हळूहळू चहा पीत होता. अंगात सैलसा स्वेटर होता. त्यानं मान वर केली नाही.

"भाऊ, तुला मिळतं का रे गरम पाणी?" आत्यानं विचारलं.

"मला काय करायचंय? मी गार पाण्यानंच आंघोळ करतो. तब्येतीला बरं असतं."

आत्यानं मान डोलावली. पण तिच्या मनात काहीतरी खुपलं. लहानपणी हाच भाऊ गार पाणी बघून न्हाणीच्या दाराला चिकटून बसायचा. आईला त्याला ओढून काढावं लागायचं.

२. दोन जावा

आत्यानं सुरुवात थोरलीपासून केली, कारण ती बोलायला टपलेली होती.

"मी काही नाव घेत नाही," भांडी विसळता विसळता थोरली म्हणाली, "पण वर केसांना तास तास लागतो. मी खाली तेलकट भांडी गार पाण्यात घासायची. बघा ना, बोट घालून बघा."

आत्यानं नळाखाली हात धरला. पाणी कोमट. ना थंड, ना गरम. वाढत नव्हतं, कमी होत नव्हतं.

"हे असंच येतं? की आधी गरम येऊन मग संपतं?"

थोरली थबकली. "नाही हो. पहिल्यापासून असंच. पहाटे सोडा नाहीतर दुपारी सोडा."

"आणि नळ चालू असताना हा आवाज कसला?"

ओट्यामागच्या भिंतीतून बारीक गुणगुण ऐकू येत होती. थोरलीनं नळ बंद केला, तशी गुणगुणही थांबली.

"भिंतच गाते आमची," थोरली म्हणाली. "मी आता लक्षही देत नाही."

"मिस्त्रीला सांगितलंत?"

"दोनदा आला तो. तो आला की पाणी अगदी चटका बसेल असं गरम. तो गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हे. मुद्दाम कुणी करतं की काय कोण जाणे."

ओटा ज्या भिंतीला टेकला होता तिच्या पलीकडे भाऊची न्हाणी होती. आत्यानं ते ध्यानात ठेवलं आणि जिना चढली.

धाकटी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. ती कामावर निघण्याच्या घाईत होती. खांद्यावरची पिशवी आत्याच्या पायाशी आपटली आणि उघडली. आत ओला टॉवेल, साबणाची डबी, शांपू, फणी.

धाकटीचा चेहरा पडला.

"आत्या, कुणाला सांगू नका. मी घरी आंघोळच करत नाही. महिना होत आला. तलावावर करते आणि येते. ताईंचे टोमणे ऐकण्यापेक्षा ते परवडलं."

"मग वरच्या न्हाणीत तास तास कोण असतं?"

"नळ सोडून गरम यायची वाट बघत हे उभे असतात. आलं नाही की तसेच बाहेर येतात. तुम्हीच वास घेऊन बघा."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. धाकटी पाणी वापरतच नव्हती, तरी पाणी कोमटच. म्हणजे पहिला संशय गळाला.

धाकटी जिन्यात वळली, थांबली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही विचारताय म्हणून सांगते. माळ्याला कुलूप असतं, किल्ली दादांकडे. पण परवा दुपारी मी लवकर आले तेव्हा ताई माळ्यावरून उतरत होत्या. किल्ली पदराखाली लपवून."

३. माळ्यावर

आत्यानं आडून विचारायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी सगळे घरी असताना तिनं थोरलीपुढे हात पसरला.

"माळ्याची किल्ली दे, आणि तूही चल. परवा गेली होतीस ना."

थोरली लालबुंद झाली. नवऱ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहायचं टाळलं.

"गेले होते. टाक्यांची तापमानाची चकती वाढवून आले. जास्त तापवलं तर सगळ्यांनाच पुरेल असं वाटलं. काही तोडायला नव्हते गेले."

"मला कुठे म्हणालीस," थोरला म्हणाला.

"म्हणाले असते तर तू मला उधळी ठरवलं असतंस."

ते भांडण तिथेच सोडून आत्या शिडी चढली. वय झालं होतं, पण शिड्यांची भीती नव्हती. कौलांखाली दोन पांढऱ्या टाक्या जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. खालून दोघींना गार पाणी जात होतं, वरून दोघींच्या नळ्या निघून एकमेकींना मिळत होत्या. आत्यानं एका नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दुसरीला लावलं. तीही तशीच.

"चटका," ती म्हणाली. धाकटा तिच्यामागे उभा होता. "आता असं कर. डावी टाकी बंद कर. आणि खाली ओरडून सांग, स्वयंपाकघरात नळ सोडा म्हणून."

धाकट्यानं व्हॉल्व्ह फिरवला. थोड्या वेळानं खालून थोरलीचा आवाज आला. "कोमटच आहे."

"आता डावी उघड, उजवी बंद कर."

पुन्हा खालून तेच. "कोमट."

धाकट्याला काही उमजेना. "आत्या, मिस्त्रीनं एक जोड उलटा लावला असेल असं दादाचं म्हणणं आहे. मग निदान एका टाकीचं तरी गरम यायला हवं होतं ना?"

"अगदी बरोबर. उजवी टाकी खोटं बोलत असती तर डावीनं खरं सांगितलं असतं. दोघी एकच गोष्ट सांगतायत, म्हणजे दोघी खरं बोलतायत. टाकीखालची तोटी सोड बघू, त्या बादलीत."

तोटीतून पाणी पडलं आणि माळा वाफेनं भरून गेला. धाकट्याचा चष्मा पांढरा झाला. चष्मा पुसता पुसता तो म्हणाला, "दिवसभर सगळ्यांनी पाणी वापरलंय. तरी टाक्या काठोकाठ उकळत्या?"

आत्या बादलीकडे बघत राहिली. इतकी वर्षं नुकसान पाहून तिला एक ठाऊक झालं होतं. लोक जे गेलं म्हणून सांगतात ते पुष्कळदा जागेवरच असतं. चूक मोजण्यात असते.

"बाळा," ती म्हणाली, "या घरातलं गरम पाणी कुणीच नेलेलं नाही. ते सगळं इथेच आहे."

"मग खाली कोमट येतं ते काय?"

"तेच तर. कुणी काही बाहेर काढत नाहीये. कुणीतरी आत घालतंय."

४. मिस्त्रीची सवय

रविवारी मिस्त्री आला तो पाइप कापायची करवत घेऊनच. चेहऱ्यावर अपमान स्पष्ट दिसत होता. आपलं काम चोख असताना दोनदा बोलावून घेतल्याचा आणि आता तेच काम तोडायला लावल्याचा.

"बाई, मी इतकी घरं केलीत," तो आत्याला म्हणाला, "पण असं घर पाहिलं नाही. मी असलो की गरम, मी गेलो की कोमट. टाक्या लाजाळू आहेत का?"

"बसा. चहा घ्या. करवत कुठे पळून जात नाही." आत्यानं त्याच्यापुढे कप ठेवला. "मला एक सांगा. तुम्ही तक्रार बघायला येता तेव्हा सगळ्यात आधी काय करता? अगदी पहिलं."

"पहिलं? घरभर फिरतो. सगळे नळ घट्ट बंद करतो. कुठे गळत असलं तर त्याशिवाय कळत नाही."

"सगळे?"

"सगळे. खालचे, वरचे, मागच्या न्हाणीतले."

"आणि मग एकेक उघडून बघता."

"हो. आणि मग फक्कड गरम येतं."

आत्याचा कप ओठापाशीच थांबला. तिनं तो खाली ठेवला, उठली आणि मागच्या अंगाला गेली. भाऊ नुकताच आंघोळ करून अंगणात उन्हात बसला होता. त्याची खोली रिकामी होती.

भिंतीवर त्याचं स्वतःचं जुनं घड्याळ होतं. भाऊ घड्याळजी. हे घड्याळ तो रोज किल्ली देऊन चालू ठेवायचा, कौतुकानं. आता काटे थांबलेले होते. खुंटीला कडक इस्त्रीचे शर्ट लटकत होते, खांद्यांवर धुळीची रेघ धरलेले. आत्याला आठवलं, आल्यापासून भाऊच्या अंगात तिनं एकदाही बटणाचा कपडा पाहिला नव्हता.

तिनं न्हाणीचं दार ढकललं. आरसा वाफेनं आंधळा झाला होता. गार पाण्यानं आंघोळ करणाऱ्याचा आरसा.

भिंतीवर गरम आणि गार पाण्याच्या दोन गोल मुठी होत्या, मधून निघालेली लवचीक नळी, आणि नळीच्या टोकाला हातात धरायचा शॉवर. त्याला अंगठ्याखाली दाबायचा खटका. दाबला की पाणी, सोडला की बंद. आत्या वाकली. दोन्ही मुठींच्या चकचकीत कडांवर बारीक दातांचे ओरखडे होते, आणि साबणदाणीच्या मागे भाऊची कामाची पकड होती, तारा वाकवायची.

तिनं मुठींना हात लावला. दोन्ही उघड्या होत्या. शॉवरमधून मात्र एक थेंबही पडत नव्हता.

"थोरले," तिनं हाक मारली, "स्वयंपाकघरातला गरम नळ सोड."

पलीकडे नळ सुटला आणि इथे, कोरड्या न्हाणीत, मुठींच्या मागची भिंत गुणगुणायला लागली. आत्यानं दोन्ही मुठी घट्ट बंद केल्या. गुणगुण थांबली. आणि पलीकडून थोरलीची किंकाळी.

"अगं बाई, भाजलं."

मिस्त्री धावत आला. दारातूनच त्यानं सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तो काही बोलणार एवढ्यात आत्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"कापाकापी थांबवा. आणि जरा बाहेर बसा. मला आधी माझ्या भावाशी बोलायचंय."

५. ज्याची त्यानं सांगायची गोष्ट

अंगणात आत्या भाऊशेजारी बसली. त्याचा उजवा हात तिनं स्वतःच्या हातात घेतला. बोटांची पेरं सुजलेली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. भाऊनं हात काढून घेतला नाही, म्हणजे त्याला कळलं होतं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. सकाळी तर लाकडासारखी असतात. गरम पाणी घेतलं की मोकळी होतात थोडी."

"आणि सांगतोस गार पाण्यानं करतो म्हणून."

"गरम पाण्यावरून घरात रोज कुरबुर. त्यात मी आणखी एक वाटेकरी कुठे होऊ? एकच बादली घेतो, तीसुद्धा थोडी."

"मुठी फिरत नाहीत तुझ्यानं."

"एकदा पकडीनं फिरवल्या, हवं तसं पाणी जमवलं आणि तशाच ठेवल्या. खटका तेवढा तळव्यानं दाबता येतो. मिस्त्री आला की बंद करून जातो. मग मला पुन्हा झटापट." तो थांबला. "त्याला काय सांगणार? तो तीच मूठ दोन बोटांनी फिरवतो. आणि मी घड्याळजी. माझ्या बोटांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. हातच गेले म्हटल्यावर माझं काय उरतं या घरात?"

आत्या त्याच्याकडे सरकून बसली. मग तिनं त्याला पाण्याचं सगळं समजावलं. भाऊचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ही सगळी आग माझ्या न्हाणीतून लागलेली?"

"आग कसली, गारवा. पण त्यावरून ही पोरं वेगळी व्हायला निघालीत. पाण्याचं मी सांगीन. हाताचं मी सांगणार नाही. ते तुझं आहे. तुला नको असेल तर मिस्त्री गुपचूप नळ बदलेल आणि मी म्हणेन, वायसर खराब होता."

भाऊनं बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून उठला. "चल."

सगळे टेबलाभोवती बसले होते. मिस्त्री दाराशी उभा होता, त्याला थोरलीनंच बसायला खुर्ची दिली. आत्यानं सरळ सांगायला घेतलं.

"पाणी पहिल्यापासून कोमट यायचं, गरम येऊन संपायचं नाही. म्हणजे उपसा नव्हता, भेसळ होती. टाक्या एकेक बंद करून पाहिल्या, दोन्हीकडे तेच. म्हणजे भेसळ टाक्यांच्या पुढे, घरात कुठेतरी होत होती. मिस्त्री सगळे नळ बंद करून जायचा आणि घर बरं व्हायचं. म्हणजे दुखणं एखाद्या उघड्या राहणाऱ्या नळात होतं. आणि नळ उघडा असून पाणी सांडत नसेल, तर तो एकच प्रकारचा असू शकतो. गरम आणि गार दोन्ही मुठी उघड्या, पण टोकाला खटका बंद. मग गार पाण्याला बाहेर वाट मिळत नाही. ते मागच्या मागे गरमाच्या नळीत शिरतं. तुम्ही स्वयंपाकघरात गरम नळ सोडलात की अर्धं पाणी टाकीतून यायचं आणि अर्धं त्या न्हाणीतून, भिंतीत गुणगुणत. वरच्या मजल्यावरही तीच भेसळ."

"कुठली न्हाणी?" धाकट्यानं विचारलं.

"माझी," भाऊ म्हणाला.

त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. फार काही सांगितलं नाही. मुठी फिरत नाहीत, बटणं लागत नाहीत, घड्याळाला किल्ली देता येत नाही, एवढंच. पण ते सांगताना त्याचा आवाज कापला नाही, आणि आत्याला त्याचा अभिमान वाटला.

थोरलीनं त्याचा एक हात उचलून पाहिला, तळवा वर, पाठ वर, जसा भाजीवाल्याकडचा माल निरखून पाहते तसा.

"बाबा, मी रोज तुम्हाला कप हातात देते," ती म्हणाली. "माझे डोळे काय फुटले होते?"

"तू नळाकडे बघत होतीस," भाऊ म्हणाला, आणि थोरलीला रडता रडता हसू आलं.

"तलावावर एक डॉक्टरीणबाई येतात, सांध्यांच्याच," धाकटी म्हणाली. "मी उद्याच विचारते. आणि बाबा, कोमट पाण्यात बोटांचे व्यायाम असतात. मी शिकवीन."

"घ्या, म्हणजे ते कोमट पाणी अगदीच वाया नव्हतं," धाकटा म्हणाला.

थोरली डोळे पुसून जावेकडे वळली. "तू रोज तलावावर आंघोळ करून यायचीस ना. आत्यांनी नाही सांगितलं, तुझा टॉवेल दोरीवर कधी दिसला नाही ते मला आत्ता उमगलं. उद्यापासून पहिली आंघोळ तुझी."

"पहिली नको ताई. भांडी झाल्यावर करीन. तोवर मलाही झोपू द्या."

मिस्त्रीनं घसा साफ केला. "मग जोड तोडायचा की नाही ते सांगा. करवत बाहेर काढून ठेवली आहे."

"तोडायचं काय त्यात?" थोरली त्याच्यावरच उखडली. "काम इतकं चांगलं केलंय तुम्ही. टाक्यांना हात लावायचा नाही. बाबांच्या न्हाणीचं बघा आधी."

मिस्त्री दुकानात जाऊन आला. मुठींच्या जागी त्यानं लांब दांडीचा नळ बसवला, कोपरानंही वर उचलता येईल असा. गरम आणि गार दोन्ही नळ्यांवर एकेक छोटा व्हॉल्व्ह टाकायचा होता, पाण्याला पुढे जाऊ देणारा आणि मागे फिरू न देणारा. म्हणजे पुढे कुणी खटका बंद करून नळ उघडा ठेवला तरी भेसळ व्हायची नाही. भाऊनं तो व्हॉल्व्ह तळहातावर मागून घेतला. डोळ्याजवळ नेला. आतली बारीक स्प्रिंग, तिच्यावर टेकलेली चकती, पाण्यानं ढकलली की उघडणारी आणि जोर संपला की आपोआप मिटणारी.

"काय सुबक केलंय," तो पुटपुटला. "मिस्त्री, ही स्प्रिंग कुठल्या धातूची असते?"

मिस्त्रीला सांगता येईना. मग दोघं न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसले, एक पाना घेऊन, एक प्रश्न घेऊन, आणि काम व्हायला हवं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. आत्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचं जायचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. ते पुढे ढकलावं, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी मिस्त्री आवराआवर करून गेला. भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत शिरला. दार त्यानं अर्धवटच लोटलं. हाताच्या पाठीनं त्यानं नळाची दांडी उचलली. पाणी आलं, वाफ आली. त्यानं बोटं धारेखाली धरली आणि घरभर ऐकू जाईल असं विचारलं,

"मी नळ सोडलाय. कुणाचं पाणी गार झालं का रे?"

स्वयंपाकघरातून थोरलीचा आवाज आला, "नाही हो बाबा."

आणि वरच्या न्हाणीतून, पाण्याच्या आवाजात अर्धा बुडालेला धाकटीचा, "इकडेही नाही. करा तुम्ही निवांत."